पुनरुत्थानाचा सण

फाल्गुन सरत आला, पळस फुलून गेला आणि मोहाच्या झाडांखालीं फुलांचा सडा पडूं लागला, म्हणजे आमगांवच्या बाजूस चैत्राची चाहूल लागते. त्याच सुमारास भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत एका शुक्रवारीं तांबड्या अक्षरांत ‘गुड फ्रायडे’ असें छापलेलें असतें. मुलांस शाळेची सुटी, नोकरदारांस कचेरीची सुटी. यापलीकडे त्या दिवसाचा आपल्या घरांशीं फारसा संबंध येत नाहीं. तरी एखादें चौकस मूल दोन प्रश्न विचारल्यावांचून राहत नाहीं. ज्या दिवशीं येशूला क्रुसावर खिळून मारलें, तो दिवस ‘चांगला’ कसा? आणि नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरलाच येतो, मग हा शुक्रवार कधीं मार्चांत, कधीं एप्रिलांत असा पुढेंमागें कां सरकतो? घरांतील वडील माणसें बहुधा कांहींतरी सांगून वेळ मारून नेतात. प्रश्न मात्र चांगले आहेत. त्यांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे तिसराच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दुसऱ्यांच्या सणाविषयींचा नसून आपल्या घरांविषयींचा असतो. त्या तिन्हींचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तिथीनें येणारा सण

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों, कारण पंचांग पाहणाऱ्या घरास तें चटकन् पटेल. नाताळ हा तारखेचा सण आहे. ईस्टर हा तिथीचा आहे. २१ मार्च हा वसंतसंपाताचा दिवस धरून, त्या दिवशीं अगर त्यापुढें जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या नंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार. आणि त्याच्या आदला शुक्रवार तो गुड फ्रायडे. सूर्य, चंद्र आणि वार या तिघांचा मेळ घालावयाचा असल्यानें हा रविवार २२ मार्चच्या आधीं कधीं येत नाहीं आणि २५ एप्रिलच्या पुढें कधीं जात नाहीं. सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनीं हा सण एकाच रविवारीं पाळावा, असें इ. स. ३२५ मध्यें निकीया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ठरविलें.

चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढलेली असते, म्हणून आकाशांतील पौर्णिमेशीं तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडूं शकतो. परंतु स्थूलमानानें आपल्या फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठच हा सण येतो. २०२४ सालीं होळी २४ मार्चला झाली आणि ईस्टर ३१ मार्चला आला. २०२५ सालीं हनुमानजयंती १२ एप्रिलला आणि ईस्टर २० एप्रिलला. २०२६ सालीं हनुमानजयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथ जुन्या ज्यूलियन गणनेनें चालतात, त्यामुळें त्यांचा ईस्टर बहुधा निराळ्या रविवारीं पडतो. २०२५ सालीं मात्र दोन्ही एकाच दिवशीं आले. स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी यांचा भेद ज्या घरांत ठाऊक आहे, तेथें याचें नवल वाटूं नये.

पौर्णिमाच कां, याचें कारण ख्रिस्ती धर्माहूनहि जुनें आहे. यहुदी लोक मिसर देशांत दास्यांत होते. त्या दास्यांतून ते ज्या रात्रीं सुटले, त्या रात्रीची आठवण ते वसंतांतील पौर्णिमेस करतात. मृत्यूचा फेरा त्यांच्या घरांना ओलांडून पुढें गेला, म्हणून त्या सणाला मराठी बायबलांत ‘वल्हांडण’ असा सुरेख शब्द योजला आहे. याच वल्हांडणाच्या दिवसांत येशूचा वध झाला. पोर्तुगीज भाषेंत आणि गोव्याकडील ख्रिस्ती लोकांच्या बोलींत ईस्टरला पास्का म्हणतात, तें मूळ यहुदी नांवाचेंच रूप आहे. दास्यांतून सुटका आणि मृत्यूला ओलांडणें, हे दोन्ही अर्थ असे एकाच नांवांत आले आहेत.

चाळीस दिवसांचें व्रत

ईस्टर हा एका दिवसाचा सण नव्हे. तो एका दीर्घ व्रताचा शेवट आहे. येशूनें अरण्यांत चाळीस दिवस उपवास केला, त्याच्या स्मरणार्थ रविवार वगळून चाळीस दिवस हें व्रत चालतें. कोणी मांसाहार सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी आवडीची एखादी वस्तु वर्ज्य करतो आणि वांचलेला पैसा दानधर्मांत घालतो. चातुर्मासांत कांदा-वांगें सोडणाऱ्या आमच्या वाचकभगिनींना यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

व्रताचा आरंभ बुधवारीं होतो आणि त्या दिवशीं कॅथलिक चर्चांत प्रत्येकाच्या कपाळीं राख लावतात. मनुष्य मातीचा आहे आणि मातीसच मिळणार आहे, याची ती आठवण असते. ही राख कोठून येते, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. गेल्या वर्षीं ज्या झावळ्या उत्सवानें मिरविल्या, त्याच जपून ठेवून, वाळवून, जाळून ती केलेली असते. त्या झावळ्यांचा दिवस म्हणजे ईस्टरच्या आदला रविवार. येशू यरुशलेमांत शिरला तेव्हां लोकांनीं फांद्या पसरून त्याचा जयजयकार केला आणि पांच दिवसांतच त्याच शहरांत त्याच्या वधाची आरोळी उठली. लोकांनीं दिलेल्या मानाची किंमत किती, हें त्या राखेंत दिसतें.

पुढें गुरुवार येतो. त्या रात्रीं येशूनें शिष्यांसह अखेरचें भोजन केलें आणि भोजनाच्या वेळीं उठून, कमरेस रुमाल बांधून, एकेका शिष्याचे पाय धुतले. आपल्याकडे पाद्यपूजा आहे; पण शिष्यानें गुरूचे पाय धुवावे, यजमानानें अतिथीचे धुवावे, जांवयाचे सासऱ्यानें धुवावे, असा तो क्रम आहे. येथें गुरु खालीं बसला आणि शिष्य वर राहिले. पेत्र नांवाच्या शिष्यास तें सहन होईना, तो पाय मागें घेऊं लागला. आजहि कॅथलिक चर्चांत त्या सायंकाळीं धर्मगुरु मंडळींतील बारा जणांचे पाय धुतो. पूर्वीं हे बारा जण पुरुषच असत. २०१६ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं स्त्रियांनाहि त्यांत घेण्याची मोकळीक दिली.

शुक्रवार आणि रविवार

आतां मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. ‘गुड’ या इंग्रजी शब्दाचा जुन्या काळीं ‘पवित्र’ असाहि अर्थ होता आणि या दिवसाच्या नांवांत तो टिकून राहिला आहे. मराठींत ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ असें म्हणतात, पण त्यांत आनंदाचा अंश नाहीं. हा दिवस शोकाचा आहे. कॅथलिक चर्चांत वेदीवरचें वस्त्रहि काढून ठेवतात, घंटा वाजत नाहींत. कांहीं ठिकाणीं घंटेऐवजीं लांकडी ठोकळा वाजवितात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारीं बारापासून तीनपर्यंत उपासना चालते आणि क्रुसावरून येशूनें उच्चारलेल्या सात वाक्यांवर एकामागून एक सात प्रवचनें होतात. म्हणून या शुक्रवारीं ख्रिस्ती शेजाऱ्याला किंवा कचेरींतील सोबत्याला शुभेच्छा देणें म्हणजे सुतक असलेल्या घरीं जाऊन तोंड गोड करा म्हणण्यासारखें आहे. हल्लीं भ्रमणध्वनीवरून असे संदेश सर्रास जातात; पाठविणाऱ्याच्या मनांत वाईट नसतें, पण ऐकणाऱ्यास तें बोंचतें. शुभेच्छा द्यावयाच्या त्या रविवारीं द्याव्या.

शनिवारीं दिवसभर सर्व शांत असतें. रात्रीं चर्चांतील दिवे मालवून बाहेर नवा अग्नि पेटवितात; त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आंकडे कोरलेले असतात. त्या एका ज्योतीवरून प्रत्येकजण आपली मेणबत्ती पेटवून घेतो आणि अंधारलेलें मंदिर हळूहळू उजळूं लागतें. कित्येक प्रॉटेस्टंट मंडळ्या रविवारीं सूर्योदयापूर्वीं उपासनेस जमतात. कांहीं ठिकाणीं दफनभूमींत जमतात आणि आपल्या माणसांच्या कबरींवर फुलें वाहतात.

पहाटेचीच वेळ कां, तर मूळ कथा पहाटेची आहे. शुक्रवारीं घाईनें पुरलेल्या देहास सुगंधी द्रव्यें लावावीं म्हणून कांहीं स्त्रिया रविवारीं उजाडतां उजाडतां कबरेपाशीं गेल्या, तों कबर उघडी आणि रिकामी. पुरुष शिष्य भयानें दार लावून बसले होते. मग्दालेची मरिया रडत उभी राहिली. समोर कोणी उभा होता. तो बागेचा माळी असेल असें समजून, देह कोठें नेऊन ठेवला तें तरी सांगा, असें तिनें त्याला विनविलें. त्यानें तिला तिच्या नांवानें हांक मारली. त्या एका हांकेसरशीं तिनें त्याला ओळखलें. ज्या समाजांत स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, तेथें या धर्मांतील सर्वांत मोठ्या वार्तेची पहिली साक्ष स्त्रियांची आहे. शिष्यांना आरंभीं ती वायफळ बडबड वाटली, असें शुभवर्तमानांतच नमूद आहे.

अंड्यांचा आणि सशाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण मुलांना तेवढेंच ठाऊक असतें. युरोपांत उपवासाच्या चाळीस दिवसांत अंडीं वर्ज्य असत. कोंबड्यांना हें व्रत ठाऊक नसल्यानें तीं सांठत, आणि पारण्याच्या दिवशीं रंगवून वांटलीं जात. बंद कवचांतून जीव बाहेर येतो, म्हणून त्यांना कबरेचें प्रतीक मानलें गेलें. ससा जर्मनीकडून आला. मुंबई-गोव्याच्या बेकऱ्यांत मिळणारीं ईस्टरचीं अंडीं पुष्कळदां साखर आणि काजू-बदामाचीं केलेलीं असतात, हें आमच्या सोंवळ्या वाचकांच्या समाधानासाठीं सांगून ठेवतों.

ओवींतील येशू

हा सण परदेशी, त्याची भाषा परदेशी, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. पण पुनरुत्थानाची कथा मराठी ओवींत येऊन चारशें वर्षें लोटलीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. दुसऱ्यांत येशूचा जन्म, मृत्यु आणि पुनरुत्थान यांची कथा आहे. ख्रिस्ती झालेल्या घरांना पुराणश्रवणाची शतकांची संवय होती; जुनीं पुराणें गेलीं, त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं हवें होतें. तीं जुनीं पुराणें कशीं गेलीं, हेंहि विसरतां येत नाहीं. त्या काळीं पोर्तुगीज सत्तेनें गोव्यांत देवळें पाडलीं आणि १५६० पासून तेथें धर्मन्यायसभेचा जाच सुरू झाला, तो १८१२ मध्यें कायमचा संपला. ही दुःखद बाजू आहे. परंतु धर्म बदलला तरी त्या लोकांनीं ओवी सोडली नाहीं, हीहि गोष्ट तितकीच खरी आहे.

गोव्यांतील ती सक्ती निराळी आणि पुढें एकोणिसाव्या शतकांत सुशिक्षित ब्राह्मण घरांतील कांहीं माणसांनीं आपल्या विचारानें केलेलें धर्मांतर निराळें. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ सालीं ख्रिस्ती झाले, पंडिता रमाबाई १८८३ सालीं. तिसरें नांव घेतांना आम्हांस आमगांवला परत यावें लागतें.

आमगांवावरून गेलेली गाडी

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया ओलांडून आमगांवास येते आणि सालेकसा, दरेकसा, डोंगरगड असा रानाडोंगरांतला मार्ग आक्रमून राजनांदगांवला पोंचते. १८८२ च्या सुमारास हा लोहमार्ग राजनांदगांवपर्यंत झाला आणि १८८७ मध्यें तो बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीच्या हातीं गेला. याच मार्गानें १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नांवाचे एक तरुण कवि नोकरीच्या शोधांत नागपूरहून राजनांदगांवास चालले होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचें बोलणें झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं टिळकांना ‘नवा करार’ दिला, तो वाचा म्हटलें, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतहि केलें. टिळकांना तें भाकीत हंसण्यावारी नेण्यासारखें वाटलें, पण पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं पाळलें. येशूनें डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशीं ते आले आणि तेथून त्यांचें मन मागें फिरलें नाहीं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या. त्यांच्या वडिलांचें सोंवळें किती कडक होतें, याचें वर्णन त्यांनींच ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्राच्या आरंभीं केलें आहे. अशा घरांत वाढलेल्या बाईवर ही बातमी येऊन कोसळली तेव्हां पति जिवंत असून नाहींसा झाला, अशी तिची अवस्था झाली. कांहीं वर्षें दोघें वेगळीं राहिलीं. मग लक्ष्मीबाई पतीकडे परत गेल्या. आधीं आपलें सोंवळें-ओंवळें सांभाळून राहिल्या, आणि पुढें १९०० सालीं स्वतःच्या मनाच्या कौलानें त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्यें वारले. त्यांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य अपुरें राहिलें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. टिळकांचीं भजनें महाराष्ट्रांतील प्रॉटेस्टंट मंडळ्या आजहि ‘उपासनासंगीत’ या संग्रहांतून गातात. अभंगाचा छंद, टाळ-पेटीची साथ, आणि समोर पुनरुत्थानाचा रविवार, असा तो योग असतो.

तिसरा प्रश्न

आतां तो तिसरा प्रश्न. आपल्या धर्मशास्त्रांत पतिताच्या त्यागाचा एक विधि सांगितला आहे, त्याला घटस्फोट म्हणत. आज हा शब्द आपण नवरा-बायकोच्या फारकतीस वापरतों. मूळ अर्थ निराळा होता. जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या नांवानें पाण्याचा घडा उपडा करावयाचा, आणि तो जिवंत असतांना मेलेल्याचीं कर्में उरकून टाकावयाचीं. त्यानंतर त्याच्याशीं बोलणें नाहीं, पंक्ति नाहीं, वारसा नाहीं. सगळ्याच घरांनीं हा विधि शास्त्रोक्त केला असें नव्हे. पण घडा न फोडतांहि माणूस पुसून टाकतां येतो, हें मोठ्या कुटुंबांत राहणाऱ्यांना सांगावयास नको. धर्म बदललेला, परजातींत लग्न केलेला, वांटणीवरून दुरावलेला, असा एकेक जण आपल्या वंशावळींत असतो. त्याचें नांव निघालें कीं माजघरांत एकदम शांतता पसरते. येशूच्या पुनरुत्थानावर ज्याची त्याची श्रद्धा असेल तशी असो. पण आपण ज्याला मेला म्हणून सोडून दिलें तो खरोखर मेला आहे काय, हा या सणाचा प्रश्न कोणत्याहि घराला लागू आहे.

आणि या प्रश्नाला उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयाचें कारण नाहीं. आमगांवजवळच पदमपूर नांवाचें गांव आहे. महाकवि भवभूतीनें आपल्या पूर्वजांचें स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे, तें हेंच होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. आमगांवच्या महाविद्यालयासहि भवभूतीचेंच नांव आहे. ‘उत्तररामचरित’ वाचलेल्यांस ठाऊक आहे कीं, लोकापवादासाठीं सीतेचा त्याग केल्यावर ती रानांत नष्ट झाली, असेंच राम धरून चालतो. तिसऱ्या अंकांत तो दंडकारण्यांत तिच्या आठवणीनें मूर्च्छित पडतो. अदृश्य असलेली सीता येऊन त्याला स्पर्श करते आणि तो सावध होतो. डोळ्यांना ती दिसत नाहीं, स्पर्श मात्र ओळखूं येतो. रामायणांत अखेर सीता भूमीच्या पोटांत जाते. भवभूतीनें तो शेवट स्वीकारला नाहीं. त्यानें सातव्या अंकांत सीता परत आणली, आणि जे लोक तिला नांवें ठेवीत होते त्यांच्याच समक्ष तिचा स्वीकार करविला. करुण हाच मूळ रस मानणाऱ्या कवीनेंहि त्यागलेल्या माणसाची कथा त्यागापाशीं संपूं दिली नाहीं.

लक्ष्मीबाईंच्या बाबतींत तें काम त्यांच्या पुस्तकानें केलें. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध होऊं लागलें, आणि ज्या समाजानें या जोडप्याला बाहेर काढलें होतें, त्याच समाजाच्या घराघरांत तें मोठ्यानें वाचलें गेलें. लोक हंसले आणि रडले. पण तोंपर्यंत टिळक वारून पंधरा वर्षें झालीं होतीं. पुस्तकाला जी जागा मिळाली, ती माणसाला हयातींत मिळाली असती तर अधिक बरें झालें असतें. नातें तोडावयास एक दिवस पुरतो. तें जोडण्यासाठीं मात्र कित्येकदां पिढी जाते, आणि मधल्या काळांत आईबापें, भावंडें एकमेकांस न भेटतां मरून जातात.

म्हणून पुढील वर्षीं दिनदर्शिकेंत तो तांबडा शुक्रवार दिसेल तेव्हां मुलांना त्याचा अर्थ नीट समजावून सांगावा. शुक्रवारीं ख्रिस्ती शेजाऱ्याच्या शोकाचा मान राखावा आणि रविवारीं त्याच्या दारीं जाऊन आनंदांत वांटेकरी व्हावें. आणि त्याच दोन-तीन दिवसांच्या सुटींत, ज्याचें नांव आपल्या माजघरांत बरीच वर्षें निघालें नाहीं, अशा आपल्या एखाद्या माणसास घरांतील कर्त्या माणसानें स्वतः पत्र लिहावें किंवा दूरध्वनि करावा, आणि पूर्वीं घरांत ज्या नांवानें त्याला हांक मारीत, त्याच नांवानें बोलावयास आरंभ करावा.